पिशवी फाडण्याआधी

"कोणतं झाड पायजे काका तुमाले?" नर्सरीवाल्या शकीलनं विचारलं आणि भगवंतरावांच्या तोंडून शब्दच फुटेना. आता प्रश्नात काय वाकडं होतं सांगा. झाडं विकणाऱ्यानं झाड घ्यायला आलेल्या माणसाला दुसरं विचारायचं तरी काय? पण भगवंतराव असे दचकले, जसं काही भर रस्त्यात कुणी लायसन मागावं आणि खिशात ते नसावं. एरवी त्यांच्या जिभेवर एक उत्तर कायम तयार असायचं. 'घरी विचारून सांगतो.' कपड्याच्या दुकानात, दवाखान्यात, लग्नाच्या बैठकीत, कुठंही चालायचं ते. आजही त्यांनी तेच म्हणायला तोंड उघडलं, सवयीनं मागं वळून पाहिलं, तर मागं वंदना नव्हतीच. बायको स्कुटी वळवून केव्हाच चिखली रोडला लागली होती. तिचं लाल हेल्मेट एका ट्रकच्या मागं दिसेनासं होत होतं. शकील पाण्याचा पाइप हातात तसाच धरून उभा. पाणी एका कुंडीतून उतू जात होतं, पावसानं उघडीप दिल्यामुळं बाहेर लखलखीत ऊन पडलं होतं, आणि हा तिशीतला पोरगा हसऱ्या तोंडानं वाट बघत होता. आपण या माणसाला केवढ्या पेचात टाकलं, याची त्याला काय कल्पना?

गाडीवरून उतरवताना वंदना हेल्मेटची काच वर करून म्हणाली होती, "मी फरशीवाल्याकडं जाऊन राह्यली. त्याले आज जागा सांगाच लागते, उद्या त्याचे माणसं येतीन. तोवर तुमी झाड निवडून ठेवा. निवडलं त अंगणात मातीची जागा सोडू. नाई निवडलं त सारीकडून फरशी. मंग मले बोल लावू नका." भगवंतरावांनी पिशवी सावरत विचारलं, "पन घेऊ कोणचं?" ती म्हणाली, "तुमाले पायजे थे." "तरी पन, तुह्या मनात..." "अवो, झाड कोणाले पायजे? तुमालेच नं?" एवढं बोलून तिनं काच खाली पाडली. काच पडली की वंदनाशी बोलणं संपतं, हे भगवंतरावांना ठाऊक होतं. जन्मभर राजूरच्या घाटातून, धुक्यातून, पावसातून एस.टी. चालवलेला हा माणूस बायकोच्या मागं स्कुटीवर गुमान पॅसेंजरसारखा बसायचा, पिशवी मांडीवर घेऊन. ती पन्नाशीत स्कुटी शिकली होती आणि रस्त्यातल्या म्हशींना ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही अशा थाटात हॉर्न मारायची. भगवंतरावांना मागं बसून तिचं मोठं कौतुक वाटायचं. पण ते कधी बोलून दाखवायचं राहून गेलं.

"पाहा, पाहा आरामात," शकील म्हणाला आणि पुढच्या कुंडीकडं वळला. भगवंतराव हिरव्या जाळीखाली शिरले. वरून सगळीकडं सारखाच गार, हिरवट उजेड उतरत होता, ओल्या मातीचा आणि शेणखताचा वास दाटला होता, आणि दोन्ही बाजूंना काळ्या पिशव्यांमधली झाडं ओळीनं उभी होती. एवढी झाडं, आणि त्यातलं एक आपल्याला पाहिजे. कोणतं? साठीच्या माणसाला परीक्षेला बसवल्यासारखं झालं. त्यांनी आठवून पाहिलं, आपण मागं कधी काही निवडलं होतं? नोकरी लागली ती मोठ्या भावानं अर्ज भरून दिला म्हणून. वंदना बायको म्हणून आली तीही भावानंच अमडापूरला जाऊन मुलगी पसंत केली म्हणून, आणि नशीब असं बलवत्तर की भावाची नजर चांगली निघाली. रूट डेपोनं ठरवला. ड्यूटी बोर्डावर लागायची, ती करायची. घराचा प्लॉट वंदनानं पाहिला, नकाशा तिनं काढून घेतला, खिडक्या कुठं आणि ओटा केवढा हे तिनं मिस्त्रीशी भांडून ठरवलं. अंगातला हा आकाशी शर्ट, तोही तिनंच काढून ठेवलेला. आणि खरं सांगायचं तर यात भगवंतरावांचं काही वाईट झालं नव्हतं. माणूस सुखात होता. फक्त पोराचं नाव ठेवायच्या दिवशी बायाबापड्यांनी विचारलं, बाप काय म्हणतो? तेव्हा ते म्हणाले, तिले पुसा. वंदनानं गजेंद्र ठेवलं. छान नाव. पण पुढं कधीमधी, भाजी निवडता निवडता, ती उगाच म्हणायची, "एखादं नाव त सुचवाचं होतं तुमी. मी नाई म्हटलं असतं, पन सुचवाचं त होतं." भगवंतराव आपले हसून बाहेर जायचे.

अशा माणसाच्या तोंडून झाडाचं नाव निघालं कसं, हेच मुळात नवल. बुलढाण्याच्या नव्या लेआउटमध्ये घर बांधून झालं, रंग लागला, पूजा झाली, राहिलं होतं ते समोरचं अंगण. नुसती उघडी माती, बांधकामाच्या खडीचे तुकडे पडलेले. एका सकाळी दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर चहा पीत बसले असताना ते आपल्याशीच म्हणाले, "इथं एखादं झाड असतं त बरं झालं असतं." झालं. आतून वंदना कणकेच्या हातांनी बाहेर आली. "काय म्हणाले?" भगवंतराव घाबरले, "काई नाई." "नाई, म्हणाले तुमी काई तरी. झाड म्हणाले." "सहजच म्हनलो." "आखीन एकडाव म्हना." मग त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा म्हटलं. वंदना हाताची कणीक सोडवत तशीच त्या मोकळ्या जागेकडं पाहत उभी राहिली, आणि मग हसतच आत गेली. जरा वेळानं तिचा फोनवरचा आवाज आला. पुण्याला गजेंद्राला सांगत होती, "अरे, तुह्या बाबाले झाड पायजे म्हने!" जशी काही घरात कुणाची सोयरीक जमली. त्यावर गजेंद्र तिकडून म्हणाला असावा, बाबा म्हणाले? स्वतः? कारण वंदना म्हणाली, "हाव ना, स्वतः!" भगवंतरावांचे कान गरम झाले होते तेव्हा. आतासुद्धा झाले.

"काका, इकडं या, एक चीज दाखवतो," शकील हाक मारत होता. त्यानं एक ताड हाताच्या इशाऱ्यानं असा पेश केला, जसा मंडपात नवरदेव. खोड फुगीर, वर पिसाऱ्यासारखी पानं. "हे पाहा. आजकाल बंगल्यासमोर सगळे हेच लावून राह्यले. दिल से सांगतो, पानांचा कचरा नाई, पाखरांची घाण नाई, गेटच्या दोन बाजूले दोन लावा, काय दिसते!" भगवंतराव त्याच्याभोवती फिरले. चांगलंच होतं दिसायला. मग त्यांनी विचारलं, "याची सावली कुठं पडते?" शकीलनं वर पाहिलं, खाली पाहिलं आणि खळखळून हसला. "सावली? काका, हे शोभेचं हाय. सावलीसाठी त मंडप टाका ना." पण सावली हा शब्द तोंडातून निघाला आणि भगवंतरावांच्या आत काहीतरी हललं. सावली त्यांना समजत होती. झाडांची नावं विचारली तर चार सांगून थांबले असते, पण सावली? तिच्या बाबतीत या जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

रोहिणखेडला गाडी गेली की दुपारचा हॉल्ट असायचा. जुनी मशीद मागं टाकून गाडी वळवायची आणि चिंचेजवळ लावायची. नवीन ड्रायव्हर काय करायचे, पोचले की सावली दिसेल तिथं गाडी घुसवायचे, खूश होऊन डबा उघडायचे, आणि डबा संपेपर्यंत ऊन काचेवर येऊन बसलेलं असायचं. निघताना स्टेअरिंगला हात लावला की चटका. भगवंतराव तसं करत नसत. ते गाडी भर उन्हात उभी करायचे. कंडक्टर नवा असला तर ओरडायचा, "काऊन बे उन्हात लावली?" ते म्हणायचे, दम धर. शेवटच्या सीटवर टॉवेल अंथरून आडवे व्हायचे. आणि मग ती यायची, हळूहळू सरकत, आधी पुढच्या टायरवर, मग दारावर, मग खिडकीतून आत, त्यांच्या पायांवर, पोटावर, तोंडावर. चिंचेची सावली अंगावर आली की डोळे आपोआप मिटायचे. लिंबाची तशी नसते, लिंबाची सावली हलत राहते, झोप लागू देत नाही, पण गप्पांना चांगली. अमडापूरच्या स्टॉपवर लिंब होता, बाजाराच्या दिवशी सासरे तिथं हरभऱ्याच्या जुड्या नाही तर ताकाची कॅन घेऊन यायचे आणि "जावईबुवा, पोरीले सांगा म्हैस व्याली," असं सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे. वडाची सावली दाट, पण वडाखाली काच पुसता पुसता जीव जायचा, पाखरं तिथं मुक्कामालाच. हे सगळं त्यांना आता त्या हिरव्या जाळीखाली उभं राहून आठवत होतं, एकामागून एक, आणि आठवता आठवता त्यांना एकदम एक गोष्ट जाणवली आणि ते जागच्या जागी थबकले. गाडी कुठं उभी करायची हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. डेपोच्या बोर्डावर ते लिहिलेलं नसायचं. भाऊ सांगायला नव्हता, वंदना नव्हती. रोज दुपारी, इतकी वर्षं, ती जागा आपणच तर निवडत होतो की! आणि कधी चुकलो नाही. या शोधाचा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी शेजारच्या मोगऱ्याच्या कुंडीला उगाचच हात लावला.

मग त्यांची चाल बदलली. ते ओळीतून पुढं निघाले आणि शेवटच्या कोपऱ्यात त्यांना तो कदंब दिसला. काय उंच! त्यांच्या डोक्याच्या वर चांगला हातभर. रुंद, ताजी, चकचकीत पानं. भगवंतराव त्याच्याखाली जाऊन उभे राहिले, वर पाहिलं, आणि जीव हरखून गेला त्यांचा. आज नेला, उद्या सावली. एकदम त्यांना दारातली खुर्ची दिसली, खुर्चीत आपण, शेजारी वंदना शेंगा फोडत बसलेली. "शकीलभाई, हा!" ते ओरडलेच. निवडलं! इतकं सोपं होतं तर. शकील आला, म्हणाला, "वा काका, नजर हाय तुमची," आणि झाड गाडीवर न्यायला सोपं जावं म्हणून त्यानं खोडाला बांधलेल्या बांबूची सुतळी सोडली. सुतळी सुटली आणि तो उंच, देखणा कदंब कमरेत वाकला, वाकत वाकत आला आणि त्याचा शेंडा भगवंतरावांच्या छातीला येऊन टेकला. "तो थोडा लाडात वाढला हाय," शकील म्हणाला आणि पिशवीला हिसका दिला. पिशवी हलेना. त्यानं जोर लावला तसा खालून टर्र असा आवाज झाला, पिशवीचं बूड फाटलं. मुळ्या पिशवीतून निघून खाली जमिनीत गेल्या होत्या, त्या तुटल्या, आणि ज्या आत राहिल्या त्या एकमेकींना वेटोळे घालून, दोरखंडासारख्या पिळून बसलेल्या. मातीचा पत्ताच नाही. शकील जरा ओशाळला, पण जराच. "काही नाई होत काका. चार दिवस पानी मारा, उभा राह्यते."

भगवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक शकीलची नव्हती, त्यांची होती, आणि ती खास ड्रायव्हरची चूक होती. केबिनमध्ये बसलेला माणूस समोर पाहतो, वर पाहतो, खाली पाहत नाही. पण छे, खाली पाहत नाही कसा? डेपोतून गाडी काढण्याआधी आपण काय करत होतो? वर्कशॉपमधून नवीन रंग देऊन गाडी आली तर आपण कधी रंगावर भुललो? आधी एक फेरी मारायचो, डावीकडून सुरू करून पूर्ण गाडीला. टायरवर पान्यानं ठोकून आवाज ऐकायचा. वाकून खाली पाहायचं, तेल गळतं का. एखादा नट नुसत्या हातानं फिरतो का. मग चढायचं. ही फेरी मारल्याशिवाय भगवंतरावांनी कधी गाडी हलवली नाही, मग साहेब समोर ओरडत का उभा असेना. ते शकीलला म्हणाले, "थे राहू दे. मले एक फेरी मारू दे." आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

आता मात्र मजा होती. भगवंतराव खाली बसत होते, उठत होते, गुडघे कुरकुरत होते, आणि शकील पाइप टाकून त्यांच्या मागं मागं फिरत होता, कारण असं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. ते आधी पिशवी हलवून बघत. जमिनीला चिकटली असली की पुढं. मग बांबू आहे का, असला की पुढं. मग खोड मातीजवळ दोन बोटांत धरून हलवायचं, लटपटतं का. पानं उलटी करून मागून पाहायची, पांढरी चिकट कीड बसली आहे का. एकाची पानं मागून जाळीसारखी झालेली, एकाला खोडावर जुनी जखम, दोरी काचून काचून पडलेली. आणि अशीच पुढं जाता जाता एका रांगेच्या मधोमध, दोन मोठ्या झाडांच्या आड, त्यांना ते जांभूळ दिसलं. छातीला लागेल एवढंच. जरासं एका अंगाला कललेलं, शेजारच्यांना चुकवून उजेडाकडं गेलेलं. बांबू नाही, काही नाही, आपल्या बळावर उभं. खोड बुंध्याशी जाड आणि वर निमुळतं. त्यांनी नखानं साल किंचित खरवडली, आतून ओलसर हिरवं आलं. शेंड्याला चार नवी पानं फुटलेली, तांबूस, इतकी कोवळी की बोट लावायला भीती वाटावी. त्यांनी पिशवी हलवली, ती अलगद उचलली गेली. जमिनीत कुठंही चोरून मुळी गेलेली नव्हती. पिशवीत एक बारकं गवतही उगवलेलं होतं, मजेत. भगवंतराव त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. काय झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. पोटात काहीतरी गोड, गुदगुल्या केल्यासारखं सुरू झालं होतं. आपल्याला हे पाहिजे. हे. दुसरं कुणी आणून दिलं तरी नको, हेच.

"काका, थे साधं गावठी जांभूळ हाय," शकील म्हणाला. "असू दे. आतून मुळ्या पाहाच्या मले." शकीलनं कपाळाला हात लावला. "आता हे काय नवीन? मुळ्या पाहाच्या त पिशवी फाडा लागते. आणि पिशवी फाडली का झाड तुमचं. मंग आत कसं बी निघो, मी वापस नाई घेत. सगळ्यायले हेच सांगतो आपण." बरोबर होतं त्याचं. फाटल्या पिशवीचं झाड पुढं कोण घेणार? म्हणजे आधी 'हो' म्हणायचं आणि मग आत काय ते बघायचं. कदंबासारखं वेटोळं निघालं तर? वंदना काय म्हणेल? नेमका तेव्हाच खिशात फोन वाजला. वंदनाच. मागं फरशी कापायच्या मशीनचा आवाज. "बोला लवकर. फरशीवाला उभा हाये. जागा सोडाची का नाई?" भगवंतरावांनी शकीलकडं पाहिलं. त्याच्या हातात चाकू होता. जांभळाकडं पाहिलं. बायकोसाठीचं जुनं वाक्य, 'तू म्हनशील तसं', उचकीसारखं जिभेवर आलं, आणि त्यांनी ते गिळलं. "सोड," ते म्हणाले. पलीकडं मशीन बंद झाल्यासारखं वाटलं. "काय?" "सोड म्हनतो जागा." "केवढी?" "थे मी घरी येऊन दाखवतो. तू तिथून काई सांगू नको." वंदनाचा आवाज आला, बारीक, "बरं." त्यांनी फोन खिशात टाकला आणि शकीलला म्हणाले, "फाड."

शकीलनं बिस्मिल्ला म्हणून एका बाजूनं पिशवी चिरली. काळं प्लास्टिक सोललं गेलं आणि आतून मातीचा गोळा तसाच उभा राहिला, न ढासळता. त्याच्यावर बारीक मुळ्या खाली उतरत गेलेल्या, सरळ, मोकळ्या, आणि टोकांना पांढऱ्या शुभ्र, ताज्या, आत्ता वाढताहेत की काय अशा. वेटोळं नाही, गाठ नाही. भगवंतरावांना हसू आलं. आधी गालात आलं, मग तोंडभर, मग ते मोठ्यानं हसायलाच लागले, एकटेच, गुडघ्यावर हात मारत, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेनात. "काय झालं काका?" "काई नाई बे, काई नाई. पाहाय ना, कशा हायेत मुळ्या!" शकीललाही हसू फुटलं. त्यानं ओलं पोतं आणलं आणि दोघांनी मिळून तो गोळा पोत्यात असा बांधला, जसं बाळंतिणीचं लेकरू दुपट्यात बांधतात.

वंदना आली तेव्हा भगवंतराव झाड कुशीत धरून फाटकाशीच उभे होते, शर्टाला चिखल लागलेला. तिनं स्कुटी लावली, हेल्मेट काढलं आणि झाडाभोवती एक चक्कर मारली. "एवढंसं?" "वाढते थे." "आन वाकडं हाये." "हाव. कललं हाये." "जांभूळ घेतलं? अवो, अंगण सारं जांभळं हुईन. पाखरं येतीन, घाण करतीन, झाडू माराले मीच हाये." "मी झाडीन," भगवंतराव म्हणाले. वंदनानं नजर फिरवली, कोपऱ्यातला कदंब शकीलनं पुन्हा बांबूला बांधून उभा केला होता. "थो पाहा कसा उंच हाये. मले थो बरा वाटते." आणि ती त्यांच्या तोंडाकडं टक लावून पाहत राहिली. जन्मात वंदनाला बरं वाटलेलं त्यांनी मोडलं नव्हतं. "तुले बरा वाटते त तू थो घे," ते म्हणाले, आवाज जरा वरच लागला त्यांचा, शकील दचकला. "मी हेच घेतलं. पिशवी फाडली त्याची." वंदनानं ओठ आत घेतले. हसू दाबायचं असलं की ती असं करायची. "बसा मंग," म्हणाली, "नीट धरा, रस्त्यात सांडसान."

काय वरात निघाली! पुढं वंदना, मागं भगवंतराव, मधे जांभूळ. पानं तिच्या मानेला गुदगुल्या करत होती आणि ती चालवता चालवता ओरडत होती, "अवो, शेंडा बाजूले करा नं, मले दिसून नाई राह्यलं!" भगवंतराव शेंडा डावीकडं घेत, वारा तो पुन्हा उजवीकडं आणी. चिखलीकडून येणारी एस.टी. समोरून गेली, ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं हा सगळा प्रकार पाहिला आणि हॉर्न असा दाबून धरला की गाडीतली माणसं खिडकीतून डोकावली. भगवंतरावांचे दोन्ही हात गुंतलेले, त्यांनी मानेनंच रामराम केला. ऊन पाठीवर, मातीचा वास नाकात, मांडीवर पोत्याचा ओला गारवा. आपण किती खूश आहोत, त्यांना वाटलं, आणि हे असं वाटतंय हे वंदनाला सांगावं म्हणून ते पुढं झुकले. "वंदना, तू गाडी भल्ली मस्त चालवतं," ते तिच्या कानाशी म्हणाले. "काय?" "मस्त चालवतं म्हनलो!" पुढच्या म्हशीला तिनं हॉर्न दिला तो नेहमीपेक्षा लांब होता.

घरी आल्यावर भगवंतराव दारात खुर्ची ठेवून बसले, उठले, अंगणात गेले, सूर्य कुठून येतो ते पाहिलं, पुन्हा येऊन बसले. मग जाऊन गेटच्या समोर, पार मधोमध टाच रोवली. "इथं." वंदना कमरेवर हात ठेवून उभी. "भलतंच काई तरी. कोपऱ्यात लावा. गजेंद्राची गाडी आली त कुठं लावन थो?" "बाहीर लावन." "बाहीर उन्हात?" "दुपारी याची सावली भिंतीच्या पल्याड जाईन. त्याच सावलीत लावन." "केव्हा जाईन? गजेंद्र म्हतारा झाल्यावर?" "तोवर लावू दे उन्हात. कोपऱ्यात सावली घरावर येतच नाई, शेजाऱ्याले जाते. मी सांगतो नं. इथंच." दोघांचे आवाज चढले. शेजारची बाई ओट्यावर येऊन पाहून गेली. या घरात इतक्या वर्षांत असं कडकडून भांडण झालं नव्हतं, कारण भांडायला दुसरा माणूसच उभा राहत नसे. शेवटी वंदना फणकाऱ्यानं आत गेली, "करा तुमच्या मनानं," म्हणाली. भगवंतरावांनी पहार घेतली आणि खणायला सुरुवात केली. ती रागावली की काय?

खड्डा झाला, गोळा आत बसवला, ते गुडघ्यांवर बसून हातानं माती लोटत होते, तेवढ्यात फरशीवाला माप घ्यायला आला. टेप काढून त्यानं अंगण पाहिलं आणि आतून पाण्याची बादली घेऊन येणाऱ्या वंदनाला म्हणाला, "बाई, हे ऐन मधात काऊन लावलं? फरशीची सारी लाइन तुटते. अजून माती ओली हाये, उचलून त्या कोपऱ्यात बसवा ना." भगवंतरावांचे हात थांबले. वंदनानं बादली खाली ठेवली. "तुटू द्या लाइन," ती म्हणाली. "थे तिथंच राहीन." "पन बाई, कोणाले तरी विचारून—" "कोणाले विचाराचं? आमच्या यायनं निवडलं थे. सारी नर्सरी पालथी घालून, मुळ्या पाहून आणलं. आन जागा बी त्यायनंच ठरवली. मी नाई, त्यायनं." तिचा आवाज गेटच्या बाहेर, पार तिसऱ्या घरापर्यंत गेला असेल. भगवंतरावांनी मान वर केली नाही. डोळे पुसायला हात मातीचे होते. त्यांनी खोड दोन्ही हातांत सरळ धरलं आणि वंदना हळूहळू पाणी ओतू लागली.